रात्री चेहऱ्याला काय लावू? ठाण्यातल्या दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात माझा त्वचारोगांचा दवाखाना आहे. दिवसभर पेशंट समोर बसून विचारतात आणि रात्री दहानंतर तेच प्रश्न मोबाइलवर येतात. बहुतेक वेळा सोबत फोटो असतो: हातात ट्यूब, मागे बेसिन, खाली ओळ, "डॉक्टर, हे आत्ता लावू का?" त्यांतले सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे, म्हणजे सगळं पान वाचावं लागणार नाही.

१. रात्रीच का लावायचं? तेच क्रीम सकाळी लावलं तर काय बिघडलं?

काहीच बिघडत नाही. मॉइश्चरायझर सकाळीही लावावं. पण त्वचेलाही दिवसरात्रीचं घड्याळ आहे. संध्याकाळनंतर तिचं तापमान थोडं चढतं आणि तिच्यातून हवेत उडून जाणारं पाणी वाढतं. सकाळी ते प्रमाण कमी असतं. अंगाची खाज रात्री जास्त जाणवते, त्यामागचं हे एक कारण. खालच्या थरात नव्या पेशी तयार होण्याचं कामही रात्री, साधारण मध्यरात्रीच्या सुमाराला, जोरात असतं.

मला स्वतःला तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. रात्री ऊन नसतं, घाम कमी असतो, हेल्मेट नसतं, ठाणे स्टेशनच्या पुलावरची रेटारेटी नसते. जे लावलं ते सहा-सात तास जागेवर राहतं. दिवसा एवढा निवांतपणा त्वचेला कधीच मिळत नाही.

२. सगळे 'स्किन बॅरिअर' म्हणतात ते नेमकं काय असतं?

त्वचेचा सगळ्यांत वरचा थर. जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. हातापायांचे तळवे सोडले तर सगळीकडे तो असाच पातळ असतो. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ पीटर एलायस यांनी त्याला विटांच्या भिंतीची उपमा रूढ केली, आणि समजावून सांगायला ती अजूनही सगळ्यांत सोपी आहे. चपट्या, मृत पेशी म्हणजे विटा. त्यांच्यामध्ये भरलेला स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. या सिमेंटमध्ये वजनाने जवळपास निम्मी सिरॅमाइड्स, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः फॅटी ॲसिड्स असतात. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारे छोटे घटकही असतात.

भिंत धड असली की आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू बाहेर राहतात. सिमेंट झिजलं की दोन्ही कामं एकदम बिघडतात. म्हणूनच कोरडी त्वचा चिडकीही असते.

ही भिंत किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ४.५ ते ५.५. सिमेंट तयार करणारी एन्झाइम्स याच आम्लतेत नीट काम करतात. अंगाच्या साबणाच्या नेहमीच्या वडीचा पीएच ९ ते १० असतो. हा आकडा प्रश्न ४ साठी लक्षात ठेवा.

३. माझं बॅरिअर बिघडलंय हे ओळखायचं कसं?

नेहमीचं, वर्षभर वापरलेलं मॉइश्चरायझर एके दिवशी चुरचुरायला लागतं. साध्या पाण्यानेही चेहरा झोंबतो. धुतल्यावर दहा मिनिटांत गाल ओढल्यासारखे वाटतात. नाकाच्या बाजूला, ओठांच्या कोपऱ्यांत पापुद्रे सुटतात. आणि एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही: चेहरा वरून तेलकट चमकतो आणि तरीही आतून ओढतो. तेल आणि पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. तेलग्रंथी भरपूर तेल सोडत असल्या तरी भिंत गळकी असू शकते.

मात्र प्रत्येक लाली, प्रत्येक पापुद्रा म्हणजे बॅरिअरच असं नाही. त्याबद्दल प्रश्न १६ आणि १८ मध्ये लिहिलंय.

४. दहा पायऱ्यांचं रुटीन जमत नाही. कमीत कमी काय केलं तर चालेल?

दोनच गोष्टी: हळुवार धुणं आणि लगेच मॉइश्चरायझर लावणं. खरं सांगायचं तर माझ्या निम्म्या पेशंटना याहून जास्त काही लागत नाही.

धुण्यापासून सुरुवात करू. घरी आल्यावर एकदाच चेहरा धुवा, कोमट किंवा साध्या पाण्याने. कढत पाणी नको. फेसवॉश फेस कमी करणारा, सुगंध नसलेला, सौम्य. अंगाचा साबण चेहऱ्याला नको, कारण त्याने बिघडलेली आम्लता परत जागेवर यायला काही तास जातात. म्हणजे जी रात्र दुरुस्तीत जायची, तिची सुरुवातच नुकसान भरून काढण्यात जाते. मेकअप किंवा सनस्क्रीन असेल तर आधी क्लिन्झिंग मिल्क किंवा मिसेलर वॉटरने पुसा, मग धुवा. घासणी, स्क्रब, अक्रोडाच्या सालीची पूड यांतलं काहीही रोज नको.

मग टॉवेल. इथे बरेच जण चुकतात. चेहरा खसाखसा पुसू नका, नुसता टिपा. थोडा दमटपणा राहू द्या आणि दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा. तेच क्रीम, तेवढंच क्रीम, पण ओलसर त्वचेवर त्याचा परिणाम वेगळाच दिसतो.

किती लावायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याला आणि मानेला अशा दोन-अडीच रेघा लागतात. बहुतेक जण मटारच्या दाण्याएवढं लावतात आणि मग क्रीम चांगलं नाही म्हणतात.

५. आपल्याकडे एवढा दमटपणा आहे. मॉइश्चरायझर हवंच कशाला?

जुलै-ऑगस्टमध्ये, पंखा लावून झोपणाऱ्याला, त्वचा निरोगी असेल तर कदाचित नकोही असेल किंवा अगदी पातळ जेल पुरेल. हे मी मोकळेपणाने सांगते. खाडीकाठच्या हवेत पाणी भरपूर असतं आणि त्वचेतून ते कमी उडतं.

पण हवा दमट म्हणून भिंत आपोआप दुरुस्त होत नाही. घाम येतो म्हणून दिवसातून चार वेळा फेसवॉश वापरणारे पेशंट मला पावसाळ्यातच जास्त दिसतात. शिवाय डिसेंबर-जानेवारीत सकाळची हवा कोरडी असते, आणि आता कितीतरी घरांत रात्र एसीत जाते. उत्तर ऋतूप्रमाणे बदला: पावसाळ्यात जेल किंवा लोशन, थंडीत आणि एसीत क्रीम.

६. रात्रभर एसी लावून झोपते. सकाळी चेहरा ओढलेला असतो. काय करू?

बाल्कनीत एसीच्या नळीखाली बादली ठेवत असाल तर सकाळी ती बघा. जवळजवळ भरलेली असते. ते सगळं पाणी तुमच्या बेडरूमच्या हवेतून काढलेलं आहे. हवा कोरडी झाली की ती त्वचेतलं पाणी ओढून घेते.

एसी बंद करा असं मी मे महिन्यात कुणालाही सांगणार नाही. तापमान २५-२६ वर ठेवा, झोत थेट तोंडावर येऊ देऊ नका, टायमर लावा. क्रीम थोडं जाड घ्या. ओठ, नाकाच्या कडा आणि डोळ्यांखालच्या हाडावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा (प्रश्न ९). खोलीत पाण्याचं भांडं ठेवून फारसा फरक पडत नाही, कारण चालू एसी तेही पाणी ओढून बाहेर टाकतो.

७. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं. त्याने त्वचा खराब होते का?

टँकरचं पाणी अनेकदा बोअरचं असतं, आणि बोअरचं पाणी जड असू शकतं. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबण नीट निघत नाही, त्याचा थर त्वचेवर राहतो. नळाच्या तोटीवर पांढरे डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे असं समजा. जड पाण्याच्या भागात एक्झिमाचं (इसबाचं) प्रमाण जास्त आढळतं, हे बऱ्याच पाहण्यांत दिसलेलं आहे.

उपाय महागडा फिल्टर बसवण्याआधी सुरू होतो. साबणाची वडी सोडून साबणविरहित क्लिन्झर वापरा, कारण जड पाण्याशी चिकट साका करतो तो मुख्यतः साबण. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या, फक्त चेहऱ्यापुरते. मग लगेच मॉइश्चरायझर. लहान बाळ किंवा एक्झिमाचा पेशंट घरात असेल तर ही काळजी नक्की घ्या.

८. मला मुरुम येतात, चेहरा तेलकट आहे. क्रीम लावलं की अजून येतील ना?

जाड, तेलकट क्रीमने येऊ शकतात. म्हणून तुमच्यासाठी पाण्यासारखं हलकं जेल किंवा लोशन, ज्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' (छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं असेल. पण मॉइश्चरायझर अजिबात बंद करणं ही चूक आहे. मुरुमांची बहुतेक औषधं (ॲडापेलीन, ट्रेटिनॉइन, बेन्झॉइल पेरॉक्साइड) त्वचा कोरडी करतात. मॉइश्चरायझर नसलं की चेहरा सोलवटतो, पेशंट आठवड्याभरात औषध सोडून देतो आणि मुरुम तिथेच राहतात. औषध टिकवायचं तर मॉइश्चरायझर त्याचा जोडीदार म्हणून हवंच.

एक अपवाद. कपाळावर आणि पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या, बारीक पुटकुळ्या पावसाळ्यात वाढत असतील तर तो मुरुम नसून यीस्टचा (एका बुरशीचा) प्रकार असू शकतो. त्यावर तेल चोळलं तर तो आणखी फुलतो. तो दाखवून घ्यावा.

९. पेट्रोलियम जेली लावून झोपणं खरंच चांगलं का? मोबाइलवर सगळीकडे तेच दिसतं.

योग्य जागी लावली तर तिच्यासारखी स्वस्त आणि भरवशाची गोष्ट दुसरी नाही. त्वचेतून उडणारं पाणी ती साधारण ९८ टक्क्यांपर्यंत थांबवू शकते. बाकीच्या तेलांना यातलं २०-३० टक्केच जमतं. तिने त्वचा 'गुदमरते' असं म्हणतात, ते खरं नाही. तिच्याखाली भिंतीची दुरुस्ती चालूच राहते.

याचा अनुभव मी स्वतःच्या हातांवर घेतला आहे. निवासी डॉक्टर असताना वॉर्डात दिवसाला पन्नास-साठ वेळा हात धुवायचो, तिथल्या कडक साबणाने. दुसऱ्या वर्षी थंडीत माझ्या बोटांच्या पेऱ्यांना अशा भेगा पडल्या की पेन धरताना रक्त यायचं. त्वचारोगांची विद्यार्थिनी आणि स्वतःचे हात असे! वॉर्डातल्या एका वयस्क सिस्टरनी झोपताना हात ओले करून, टिपून, वर जेलीचा जाड थर आणि त्यावर सुती हातमोजे घालायला सांगितलं. चौथ्या रात्रीनंतर बोटं न दुखता मिटली. तेव्हापासून धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायकांना मी हेच सांगत आले आहे. सुती मोजे नसतील तर जुने पायमोजे चालतात.

चेहऱ्यावर मात्र विचार करून. मुरुम येणाऱ्यांनी पूर्ण चेहऱ्याला लावू नये. रेटिनॉल किंवा ॲसिडवर (प्रश्न १३) जेलीचा थर देऊ नये, औषध जास्त आत जाऊन भाजल्यासारखं होऊ शकतं. आणि ती स्वतः पाणी देत नाही, असलेलं फक्त अडवते. म्हणून कोरड्या त्वचेवर नको, ओलसर त्वचेवर.

१०. खोबरेल तेल, साय, कोकमतेल... आजीच्या वेळच्या गोष्टी वापरल्या तर?

यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत.

खोबरेल तेल अंगाला, हातापायांना छान. एक्झिमा असलेल्या मुलांवर फिलिपिन्समध्ये झालेल्या, २०१४ साली छापलेल्या एका अभ्यासात ते मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं. मुरुमांच्या चेहऱ्याला मात्र नको, छिद्रं बुजतात. कोकमतेल म्हणजे आपल्या कोकणातल्या घरांत टाचांच्या भेगांना लावतात ते, पांढरट-पिवळट गोळ्याच्या रूपात मिळणारं. थंडीत घट्ट, हातावर घासलं की वितळतं. रात्री पाय धुऊन, टिपून, भेगांत भरायचं आणि मोजे घालायचे. माझ्याकडच्या दहा टक्के युरियाच्या (त्वचा मऊ करणारा घटक) क्रीमइतकंच मी ते आवडीने सुचवते. भेगांतून रक्त येत असेल तर युरिया झोंबतो, तेव्हा तर कोकमतेलच बरं.

मोहरीचं आणि ऑलिव्ह तेल बाळाला किंवा कोरड्या त्वचेला लावू नका. ऑलिव्ह तेलातलं ओलेइक ॲसिड भिंतीतलं सिमेंट विस्कटतं. ब्रिटनमध्ये २०१३ साली छापलेल्या अभ्यासात मोठ्या माणसांच्या हातांवरही हे दिसलं. साय वीस मिनिटं लावून धुतली तर ठीक, रात्रभर नको. लिंबू कधीच नको. त्याचा पीएच २ च्या आसपास असतो, आणि त्याचा रस त्वचेवर राहून ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात. उटणं दिवाळीत जरूर लावा, रोज रात्री चेहऱ्यावर घासू नका.

११. हायलुरॉनिक ॲसिड, सिरॅमाइड, नायसिनामाइड. यांतलं मला काय लागेल?

तिघांची कामं वेगळी. हायलुरॉनिक ॲसिड आणि ग्लिसरीन पाणी धरतात. एसीच्या कोरड्या हवेत ती एकटी पुरत नाहीत, वर क्रीम लागतं. सिरॅमाइड हा सिमेंटचाच भाग, तो कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडसोबत असेल तर जास्त उपयोगी. नायसिनामाइड २ ते ५ टक्के असलं की त्वचा स्वतःची सिरॅमाइड्स जास्त बनवते. दहा टक्क्यांच्या सीरमने अनेकांचा चेहरा लाल होतो, मोठा आकडा बघून घेऊ नका.

बजेट कमी असेल तर ग्लिसरीन असलेलं साधं, सुगंधविरहित क्रीम घ्या. कमी पैशांत होणारं काम जास्त पैशांत करून घेण्याची गरज नाही.

१२. त्वचा २८ दिवसांत नवी होते म्हणतात. मग महिन्याभरात फरक दिसायला हवा ना?

२८ हा आकडा तरुण त्वचेसाठी सोयीचा आणि ढोबळ आहे. तळाच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला ४० ते ५६ दिवसही लागतात, आणि वयाबरोबर हा काळ वाढतो. साठीनंतर हे काम बरंच मंदावतं.

म्हणून दोन वेगळी घड्याळं मनात ठेवा. चुरचुर, ओढ, पापुद्रे हे बॅरिअरचे त्रास दोन ते चार आठवड्यांत कमी होतात. निरोगी त्वचेवर भिंत मुद्दाम खरवडली तर ती साधारण तीन दिवसांत भरून येते, पण आपण महिनोन्‌महिने रोज खरवडलेली असते. डाग, पोत, बारीक सुरकुत्या यांना तीन ते सहा महिने. पंधरा दिवसांत डाग घालवणारं काही मिळालं तर आधी प्रश्न १५ वाचा.

झोपेचाही हिशोब यात आहे. झोप मोडली, ताण असला की भिंत भरून यायला जास्त वेळ लागतो, हे मोजून पाहिलेलं आहे.

१३. रेटिनॉल सुरू करायचंय. कसं करू? आणि ॲसिड, व्हिटॅमिन सी त्याच रात्री चालेल का?

रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं ट्रेटिनॉइन अर्ध्या शतकाहून जास्त काळ वापरात आहे. पेशी बदलण्याचा वेग वाढवणारं, सगळ्यांत जास्त तपासलेलं औषध हेच. प्रकाशात ते विघटित होतं, म्हणून रात्री लावायचं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. दुकानात सहज मिळणारं रेटिनॉल त्याचं सौम्य रूप, त्वचेत गेल्यावर दोन टप्प्यांत त्याचं औषध बनतं.

आठवड्यातून दोन रात्री, पूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं. (मॉइश्चरायझरचं माप वेगळं, प्रश्न ४.) चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर लावा. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. महिनाभर सोसलं तर एक रात्र वाढवा. डोळ्यांचे, ओठांचे, नाकाचे कोपरे टाळा. दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन लावणार नसाल तर कृपा करून रेटिनॉल सुरूच करू नका.

ग्लायकोलिक, सॅलिसिलिक ही ॲसिड्स त्याच रात्री नकोत. बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी, कारण जुन्या प्रकारच्या ट्रेटिनॉइनला ते निकामी करतं. व्हिटॅमिन सी सकाळी. आणि आठवड्यातल्या निदान दोन रात्री नुसतं मॉइश्चरायझर. कॉलेजच्या मुली एका रात्रीत चार बाटल्या लावून येतात आणि गाल सोललेले असतात. त्यांना मी फक्त दोन आठवडे सगळं बंद करायला सांगते.

१४. दिवस गेले आहेत. रात्रीचं कोणतं क्रीम बंद करू?

रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापेलीन आजच बंद. डाग फिकट करणारं हायड्रोक्विनोनही नको. गरोदर राहण्याचं ठरवलं असेल तर आधीच बंद करा. चुकून काही दिवस लावलं गेलं असेल तर घाबरून रात्र जागू नका, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. ग्लिसरीन, सिरॅमाइड, पेट्रोलियम जेली, नायसिनामाइड चालतं. मुरुम किंवा वांग असेल तर ॲझेलाइक ॲसिडबद्दल डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात ते वापरता येतं.

१५. मेडिकलमधून घेतलेल्या नाइट क्रीमने आठ दिवसांत चेहरा उजळला. बंद केलं की लाल होतो. असं का?

त्यात बहुधा स्टेरॉइड आहे. या पानावरचा हा मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड. वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तिघांची मिळून ट्यूब येते. ती डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठीच देतात. मैत्रिणीच्या, जावेच्या सांगण्यावरून लोक ती दोन-दोन वर्षं 'नाइट क्रीम' म्हणून लावतात.

सुरुवातीला चेहरा गुळगुळीत, उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्यांची जाळी दिसते, पुटकुळ्या आणि लव येते. भिंतीची दुरुस्ती मंदावते. बंद केलं की दोन-चार दिवसांत चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. एक आई मुलीला घेऊन आली होती. पर्समधून शेवटपर्यंत मुडपलेली ट्यूब काढून माझ्या टेबलावर ठेवली. मुलगी गॅसजवळ उभी राहिली की तिचे गाल टोमॅटोसारखे व्हायचे, म्हणून तिने चहा करणं सोडलं होतं. तिला पूर्ववत व्हायला सात महिने लागले.

भारतात हा त्रास इतका पसरला आहे की २०१८ साली सरकारने लावण्याची १४ स्टेरॉइड्स 'शेड्युल एच'मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. तरी ती मिळतात. तुम्ही अशी ट्यूब काही महिने लावत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम फेकू नका आणि चालूही ठेवू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

ज्या गोऱ्या करणाऱ्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत, ती याहून वाईट. अशा क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडांवर जातो.

१६. सासूबाईंना रोज रात्री अंगाला खाज येते. कोरडेपणाच असेल ना?

साठीनंतर बहुधा कोरडेपणाच. नडग्या, कंबर, हात बघा. बारीक भेगांची जाळी दिसेल. अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत. साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना. अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर, झोपताना पुन्हा एकदा. पाठीला त्यांचा हात पोचत नाही, ते कुणीतरी लावून द्यायला हवं.

पण घरात इतरांनाही रात्रीच खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, बेंबीजवळ पुरळ असेल, तर ती खरूज. तिला मॉइश्चरायझरचा उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी, खाज नसलेल्यांनीही, एकाच रात्री औषध लावावं लागतं. आणि अंगावर काहीच दिसत नसताना सतत खाज असेल तर मधुमेह, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या करून घ्या.

१७. ऐरोलीत नाइट शिफ्ट आहे, सकाळी सातला घरी येतो. माझी 'रात्र' कोणती?

तुम्ही झोपता ती. धुणं आणि मॉइश्चरायझर तुमच्या मुख्य झोपेच्या आधी. रेटिनॉलही तेव्हाच, पण खोली अंधारी हवी आणि उठून उन्हात जाताना चेहरा धुऊन सनस्क्रीन हवं.

शरीरातलं घड्याळ पेशीपेशींत चालतं. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने लागतं. म्हणून दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्यांची त्वचा जास्त चिडते, असं माझ्या पाहण्यात आहे. शिफ्ट बदलणं तुमच्या हातात नसेल. घरी येताना गॉगल, जाड पडदे आणि ऑफिसच्या एसीत मध्यरात्री एकदा हलकं मॉइश्चरायझर, एवढं तरी करा.

१८. सगळं सांगितल्याप्रमाणे करतोय, तरी चेहरा चुरचुरतो आणि पापुद्रे सुटतात. आता काय?

मग कारण भिंतीच्या बाहेर शोधायचं. भुवया, नाकाच्या बाजू आणि केसांत पिवळसर, तेलकट कोंडा असेल तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस. त्याला अँटिफंगल शॅम्पू आणि क्रीम लागतं, आणि तेल लावून तो वाढतो. पापण्या सुजत असतील तर हेअर डाय किंवा नेलपॉलिश बघा. नखांवरची ॲलर्जी बऱ्याचदा पापणीवर उमटते, कारण हात नकळत तिथेच जातो. कपाळाच्या कडेला पुरळ असेल तर केसांचं तेल उशीच्या अभ्ऱ्यावरून चेहऱ्याला लागत असेल. तो आठवड्यातून दोनदा बदला. टिकलीच्या जागी चट्टा असेल तर तिचा गोंद. डोकं दुखतं म्हणून रोज रात्री लावलेला बाम हेही एक कारण मी पाहिलंय.

तरीही सापडलं नाही तर ॲलर्जी कशाची ते शोधायला पॅच टेस्ट करतात. पाठीवर छोट्या पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढतात, तेव्हा आणि नंतर पुन्हा एकदा बघतात. त्या दिवसांत पाठ भिजवायची नसते, म्हणून ती ऐन उकाड्यात नको, थंडीत करून घ्या. आणि येताना बाथरूममधल्या, कपाटातल्या, उशाशी ठेवलेल्या सगळ्या बाटल्या आणि ट्यूबा एका पिशवीत घालून आणा, संपलेल्यासुद्धा.